तोंडी हिशोबापासून पाटीपर्यंत: वाडी, पोड आणि तांड्यावरच्या शाळेत गणित शिकवताना

किनवट, माहूर, हिमायतनगरचा काही भाग, इकडे कळमनुरी-औंढ्याचा डोंगरपट्टा आणि पार सोयगाव-कन्नडकडच्या भिल्ल वस्त्या. मराठवाडा म्हटलं की दुष्काळ, सोयाबीन आणि ऊसतोडीचा कोयता आठवतो. हा आदिवासी पट्टा फारसा कुणाच्या बोलण्यात येत नाही. इथल्या शाळा बहुधा दोन शिक्षकी असतात. पोडावर कोलाम, गुड्यावर गोंड, वाडीत आंध, तांड्यावर बंजारा. सरकारदरबारी बंजारा अनुसूचित जमातीत येत नाहीत, विमुक्त जातीत येतात. पण आडवळणाच्या शाळेत गणिताची अडचण सगळ्यांची सारखीच असते, म्हणून हा लेख सगळ्यांसाठी लिहितो आहे.

शिक्षण परिषदेत एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘या पोरांचा पायाच कच्चा आहे.’ मला ते पटत नाही. या लेकरांना तोंडी हिशोब बऱ्यापैकी येतो. कागदावरचा येत नाही. आणि हे दोन्ही हिशोब एकच आहेत, हे त्यांना कुणी नीट दाखवलेलं नसतं. ते दाखवणं हेच आपलं काम आहे. ते कसं करायचं, ते क्रमाने सांगतो.

आधी तपासा, पण परीक्षा घेऊ नका

जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या दोन आठवड्यांत प्रत्येक लेकराला एकेकटं बसवून दहा मिनिटं बोला. हातात पेपर देऊ नका. दोन प्रकारचे प्रश्न विचारा. एक, त्याच्या घरच्या व्यवहारातला; दुसरा, त्याच आकड्यांचा, पण पाटीवरचा.

उदाहरण देतो. आपल्या जंगलपट्ट्यात एप्रिल-मे महिन्यांत तेंदूपत्ता तोडला जातो. महाराष्ट्रात एका पुड्यात ७० पानं धरतात आणि हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी होते. घरात आईबाप पुडे बांधत असतात तेव्हा लेकरंही मोजायला बसलेली असतात. तिसरीतल्या मुलीला विचारा, ‘तीन पुड्यांत पानं किती?’ ती म्हणते, ‘सत्तर अन् सत्तर, एकशे चाळीस. अजून सत्तर... दोनशे दहा.’ आता पाटीवर ७० × ३ लिहून द्या. ती पाटीकडे बघते, मग तुमच्याकडे बघते, आणि विचारते, ‘सर, हातचा घ्यायचा का?’ गुणाकार तिने आत्ताच तुमच्यासमोर केला, पण पाटीवरची खूण आणि तो हिशोब यांची गाठ तिच्या मनात पडलेली नाही.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांचा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातला बारा वर्षांचा एक मुलगा ३५ च्या भावाने चार नारळांचे १४० तोंडी अचूक सांगतो. तोच ३५ × ४ कागदावर मांडतो तेव्हा उत्तर काढतो २००. चार पंचे वीस, हातचे दोन. तीन आणि दोन पाच, पाच चोक वीस. हातचा गुणाकाराच्या आधीच मिळवला. नियम आठवला, त्यामागची संख्या सुटली. भारतात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास केला, तो २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. त्याचा निष्कर्षही हाच: बाजारातले अवघड हिशोब तोंडी सोडवणारी मुलं शाळेतल्या साध्या उदाहरणांना अडतात. आणि नुसत्या शाळेत शिकलेल्या मुलांना बाजारातला हिशोब जमत नाही. ही दुसरी बाजू मला अधिक महत्त्वाची वाटते, कारण ती शिकवण्याबद्दल सांगते.

नोंदीसाठी साधी वही पुरे. प्रत्येक नावापुढे चार रकाने: तोंडी काय येतं, वस्तू हातात घेऊन काय येतं, चित्र काढून काय येतं, अंकांत काय येतं. टक्केवारी नको. ‘७० ची पटीत बेरीज तोंडी करते, × ही खूण ओळखत नाही’ एवढं एक वाक्य वर्षभर उपयोगी पडतं.

घरची भाषा वर्गात आणा

गोंडी, कोलामी, गोरमाटी (बंजाऱ्यांची बोली) किंवा भिल्ली बोलणारं लेकरू पहिलीत येतं, तेव्हा त्याच्यापुढे गणिताच्या आधी मराठी उभी असते. ‘उरले किती’, ‘पेक्षा जास्त’, ‘सारखे वाटा’, ‘एकूण’ हे शब्दच त्याच्या ओळखीचे नसतात. उदाहरण चुकलं की आपण गणितात शून्य देतो. चूक मात्र भाषेची असते.

यावर उपाय फारसा खर्चिक नाही. अंगणवाडीच्या मदतनीस बाई, सातवी-आठवीतली ताई किंवा शाळेत सहज डोकावणारी आजी, यांना सोबत घेऊन वीस-पंचवीस शब्दांचा तक्ता करा: एक ते दहा, जास्त-कमी, अर्धा, जोडी, मिळव, काढ, वाट, उरलं, सारखं. घरची बोली एका बाजूला, मराठी दुसऱ्या बाजूला, दोन्ही देवनागरीत. बोली गावागणिक बदलते, म्हणून हा तक्ता त्याच गावातल्या माणसांकडून करून घ्या. दुसऱ्या तालुक्यातून उतरवून आणू नका. पहिले काही महिने उदाहरण दोन्ही भाषांत सांगा आणि उत्तर कोणत्याही भाषेत घ्या. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २९ मध्ये शक्य तिथे मातृभाषेतून शिकवावं असं स्पष्ट आहे, तेव्हा कुणी हरकत घेतली तर बिनधास्त दाखवा.

मराठी संख्यानामांचा गुंता स्वतंत्रपणे सोडवावा लागतो. ६३ लिहिताना सहा आधी, वाचताना ‘त्रे’ आधी. शिवाय एकोणतीस, एकोणसाठ. गोंडी, कोलामी आणि तेलुगू या द्रविड कुळातल्या भाषा. तेलुगूत दशक आधी आणि एकक नंतर बोलतात. तेलंगणाच्या सीमेवरच्या गावांतली लेकरं बाजारात तेलुगू ऐकत असतात. त्यांना मराठीतला उलटा क्रम जास्तच जड जातो. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘साठ तीन’ अशी वाचनपद्धत आणली तेव्हा राज्यभर गदारोळ झाला. माझ्या मते आपल्या शाळांसाठी ती पद्धत वरदान आहे. आधी ‘साठ तीन’ पक्कं करा; ६० आणि ३ ची कार्डं एकमेकांवर ठेवून ६३ करून दाखवा. मग ‘साठ तीन म्हणजे त्रेसष्ट’ असं दोन्ही एकदम म्हणवून घ्या. दुसरी संपेपर्यंत नेहमीची नावं यायलाच हवीत, कारण बाजारात आणि पुढच्या शाळेत तीच चालतात.

साहित्य जंगलातलं घ्या, पण निवडून

चिंचोके, सागाच्या काड्या, बांबूच्या कामट्या, नदीतले गोटे. पैशाविना मिळतात आणि लेकरंच गोळा करतात. एक मात्र कळकळीने सांगतो: गुंजा, एरंडी आणि चंद्रज्योतीच्या बिया वर्गात आणू नका. दिसायला सुंदर आहेत, पण विषारी आहेत, आणि पहिलीतलं लेकरू हातातली वस्तू तोंडात घालतंच.

काड्या दहा-दहाच्या गठ्ठ्यांत रबराने बांधा. शंभर मण्यांची माळ करा, दर दहा मण्यांनी रंग बदला. अनेक शाळांत गणित पेटी आलेली आहे. ती कपाटात कुलूपबंद असेल तर आज बाहेर काढा. हरवलं तर हरवलं, त्याला वहीत एक शेरा पुरतो.

वजाबाकी: इथे घाई केली तर वर्ष वाया

या पट्ट्यातली सगळ्यात मोठी गळती हातच्याच्या वजाबाकीत होते, म्हणून तिच्यावर दोन-तीन आठवडे थांबायची तयारी ठेवा. ६३ − २८ घ्या. वहीत सर्रास दिसणारं चुकीचं उत्तर म्हणजे ४५. तीनातून आठ जात नाहीत, म्हणून लेकरू आठातून तीन काढतं. सहातून दोन काढतं. निष्काळजीपणा म्हणून त्यावर फुली मारू नका. त्याला ६३ ही एक संख्या दिसत नाही, ६ आणि ३ असे दोन सुटे अंक दिसतात.

पहिला टप्पा वस्तूंचा. सहा गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या ठेवा. ‘यातल्या अठ्ठावीस मला दे.’ गप्प राहा. लेकरू आठ सुट्या शोधेल, सापडणार नाहीत. मग ते स्वतःच एखाद्या गठ्ठ्याचं रबर काढेल. हा क्षण हाताने घडायला हवा, आपण सांगून उपयोग नाही. आता सुट्या तेरा, त्यातून आठ गेल्या, पाच उरल्या. पाच गठ्ठ्यांतून दोन गेले, तीन उरले. पस्तीस.

दुसरा टप्पा पैशाचा. दहा-दहाच्या नोटा आणि एक रुपयाची नाणी, कागदाची केली तरी चालतात. २८ रुपयांचं तेल घेतलं, ६३ रुपये जवळ होते. इथे किराणा दुकानातली रीत वापरा: अठ्ठावीसवर दोन टाकले की तीस, तीसवर तीस टाकले की साठ, वर तीन. दोन, तीस आणि तीन मिळून पस्तीस. बाजारात जाणारं लेकरू हे असंच करत असतं. त्याला सांगा, ‘तू जे करतोस ते बरोबर आहे, आता ते लिहू.’ जमिनीवर खडूने एक रेघ ओढा, २८ पासून ३०, ६०, ६३ अशा उड्या मारून दाखवा आणि प्रत्येक उडीवर तिचा आकडा लिहा. तोंडी हिशोब कागदावर उतरतो तो या रेघेवर. माझ्या अनुभवात उभ्या मांडणीपेक्षा या रेघेने जास्त लेकरं मार्गी लागली.

तिसरा टप्पा चित्राचा. गठ्ठ्याला उभी काडी, सुट्याला ठिपका. एक उभी काडी खोडून दहा ठिपके काढायचे.

उभी मांडणी सगळ्यात शेवटी. त्या वेळी ‘सहाकडून एक उसना घेतला’ असं म्हणू नका. एक घेतलेला नसतो, एक दशक सुटं केलेलं असतं. आणि उसनं घेतलेलं परत करावं लागतं हे लेकराला घरून चांगलंच माहीत असतं, त्यामुळे ‘परत कधी द्यायचा?’ असा त्याचा रास्त प्रश्न येतो. ‘एक दशक सुटं केलं’ असंच म्हणा आणि सहा खोडून वर पाच, तीनच्या जागी तेरा लिहायला लावा. उत्तर आलं की बाजूला २८ + ३५ करून ताळा पाहा.

रोज दोन-तीनच उदाहरणं द्या, पण एक उदाहरण किमान दोन रीतींनी सोडवून घ्या.

अपूर्णांकासाठी पायली काढा

तिसरी-चौथीत भाकरीचे तुकडे करून अपूर्णांक शिकवतात आणि तिथेच सोडून देतात. आपल्या घरांत त्याहून उत्तम साधन पडून आहे. मोहफुलं, ज्वारी, तीळ आजही कित्येक वाड्यांवर मापाने दिले-घेतले जातात. दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, दोन शेर म्हणजे अधोली, दोन अधोल्या म्हणजे पायली. प्रत्येक पायरीला निम्मं. पायली एक धरली तर अधोली १/२, शेर १/४, मापटं १/८, चिपटं १/१६.

आजीला मापं घेऊन शाळेत बोलवा. ज्वारी नसेल तर वाळू चालेल. आधी अंदाज बांधायला लावा: ‘पायली भरायला मापटी किती लागतील?’ मग भरून मोजा. आठ निघतात. आता विचारा, ‘१/८ मोठा की १/४?’ आठ हा आकडा मोठा म्हणून १/८ मोठा, ही चूक जगभर होते. मापटं आणि शेर शेजारी ठेवले की लेकरू स्वतः हसतं आणि दुरुस्त करतं. पुढचा प्रश्न, ‘एक शेर आणि एक मापटं मिळून पायलीचा कितवा भाग?’ शेर म्हणजे दोन मापटी, वर एक, म्हणजे ३/८. छेद सारखा करणं यालाच म्हणतात, पण नियम मागून सांगा, आधी वाळू ओतू द्या. आजीला पावकी, निमकी, पाऊणकी (पाव, अर्धा, पाऊण यांचे पाढे) पाठ असेल तर तीही म्हणवून घ्या.

गावोगाव पायली लहान-मोठी असते. दोन घरच्या पायल्या आणून वजनकाट्यावर तोला. आकडे वेगळे येतील. सगळ्यांचं माप एकच असावं, म्हणून किलो आणि लिटर आले, हे लेकरांना त्या तराजूपाशी कळतं. आणि व्यापारी मापात कशी मारतो हेही. मोह विकणाऱ्या घरातल्या लेकराला हे कळणं फार गरजेचं आहे.

क्षेत्रफळासाठी ३३ फुटांची दोरी घ्या आणि मैदानावर ३३ बाय ३३ चा चौकोन आखा. तो एक गुंठा, म्हणजे १,०८९ चौरस फूट; असे चाळीस झाले की एकर. सममितीसाठी तांड्यावरच्या बायांचं आरशा-कवड्यांचं भरतकाम आहे, बांबूच्या टोपलीची वीण आहे. यावर पाठ रंगतो, वरिष्ठांना आवडतो, फोटोही छान येतात. पण वजाबाकी आणि अपूर्णांक पक्के झाल्याशिवाय त्यावर फार वेळ घालवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

एक शिक्षक, चार इयत्ता

गणिताच्या तासाला इयत्ता विसरा. ‘असर’ या शिक्षणाच्या वार्षिक पाहणीच्या चाचणीतल्या पायऱ्या सोयीच्या आहेत: १ ते ९ ओळख, ११ ते ९९ ओळख, हातच्याची वजाबाकी, तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागाकार. यानुसार तीन-चार गट करा. चौथीतलं लेकरू दुसऱ्या गटात बसलं तर बसू द्या, फक्त गटांना ‘हुशार’ आणि ‘ढ’ अशी नावं पडू देऊ नका; झाडांची नावं द्या.

पहिली दहा मिनिटं सगळ्यांना मिळून तोंडी हिशोब. पुढचा अर्धा तास एका गटाजवळ तुम्ही बसा, बाकीच्यांच्या हाती साहित्य आणि एकच काम. दुसऱ्या दिवशी दुसरा गट. दर सहा आठवड्यांनी वहीतले चार रकाने पुन्हा तपासा आणि गट बदला. मार्च-एप्रिलमध्ये मोह पडतो तेव्हा लेकरं पहाटेच वेचायला जातात आणि उशिरा येतात. त्या दिवसांत गणित पहिल्या तासाला ठेवू नका.

कोयत्यावर जाणाऱ्यांसाठी

दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्याकडे निघतात आणि मार्च-एप्रिलला परततात. शाळेचं जवळजवळ निम्मं वर्ष गेलं. पहिला प्रयत्न लेकरू मागे ठेवण्याचा करा. हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव शाळा व्यवस्थापन समितीकडून टोळी निघण्याच्या बरंच आधी पाठवा. कागद हलेपर्यंत तांडा रिकामा होतो. थांबणं शक्यच नसेल तर शिक्षण हमी पत्रक हातात द्या, म्हणजे तिथल्या शाळेत बसवून घेतात. सोबत एक पातळ वही द्या: पंधरा पानं, प्रत्येक पानावर वजाबाकी-गुणाकाराची दोन उदाहरणं आणि रोज मोजायची एक गोष्ट. आज मोळ्या किती, गाडीचं वजन किती टन, कालपेक्षा किती जास्त. बापाच्या मोबाइलवर आठवड्याला एक आवाजी निरोप पाठवा. लेकरू परतलं की आधी ती वही बघा आणि ते जिथे आहे तिथून पुढे न्या, पुस्तकाच्या पहिल्या पानापासून सुरू करू नका.

एक मर्यादा पाळा. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल, फिटलेलं आणि न फिटलेलं देणं, यावर वर्गात उदाहरण घालू नका. ते त्या घराचं दुखणं असतं आणि लेकराला सगळ्यांसमोर मान खाली घालावी लागते. मोठ्या मुलांना व्याजाचा हिशोब जरूर शिकवा, पण आकडे काल्पनिक घ्या.

घरच्यांना काय सांगायचं

पालक म्हणतात, ‘सर, आमच्या डोक्यात हे बसत नाही, पोराच्या कुठून बसणार?’ त्यांना उपदेश करू नका. समितीच्या बैठकीत त्यांच्याकडूनच एक हिशोब तोंडी करून घ्या: कापूस वेचणीची मजुरी, पुड्यांचे पैसे. मग तोच त्यांच्या मुलीकडून फळ्यावर मांडून घ्या. घरी रोज एवढंच करायचं, की बाजारातून आल्यावर उरलेले पैसे लेकराकडून मोजून घ्यायचे आणि ‘कसं काढलंस?’ असं विचारायचं.

इथे काहीजण म्हणतील, मग घरचाच हिशोब पुरे, कागद कशाला? कागद लागतोच. शिष्यवृत्ती, नवोदय, एकलव्य निवासी शाळा, पुढे भरती, सगळीकडे लेखी पेपर आहे. तोंडी हिशोबाचं कौतुक करून लेकराला तिथेच थांबवणं म्हणजे त्याची वाट अडवणंच आहे. निपुण भारत अभियान जुलै २०२१ मध्ये सुरू झालं. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला मूलभूत गणित यावं, ही त्याची मुदत २०२६-२७ ची आहे. कोलाम पोडावरचं लेकरूही त्या ‘प्रत्येका’त आहे.

आपली बदली होतेच. नवीन गुरुजी किंवा मॅडम आल्या की पुन्हा ‘पाया कच्चा’पासून सुरुवात होते. म्हणून ती नोंदवही चार्जसोबत द्या. पहिल्या पानावर तीन गोष्टी लिहा: बोलीतल्या शब्दांचा तक्ता कुठे ठेवला आहे, मापं घेऊन शाळेत येणारी आजी कोणत्या घरची, आणि कोणतं लेकरू नेमकं कुठल्या उदाहरणावर अडलं आहे.